सव्वा तासाचं अंतर

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आमच्या शाळेतले गणिताचे सर रजेवर होते आणि सातवीचा तास माझ्याकडे आला. मी भाषेचा मास्तर. उर्दू शिकवतो, मराठी शिकवतो. पण मोकळ्या तासाला मुलांना शुद्धलेखन दिलं की ती हिरमुसतात, म्हणून म्हटलं, चला आज गणितच करू. फळ्यावर लिहिलं : आपलं चिकलठाणा विमानतळ ते हैदराबादचं शमशाबाद विमानतळ, सरळ रेषेत अंतर सुमारे ४३० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर. किती वेळ लागेल?

पोरांनी भराभर भागाकार केला. बावन्न मिनिटं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मेरे मामू तो बोलते, सवा घंटा लगता."

मुलीचं बरोबर होतं. या मार्गावर उडतं ते पंख्यांचं छोटं विमान, सत्तर-पंचाहत्तर माणसांचं. वरती पोहोचल्यावर ते ताशी पाचशेच्या आसपास जातं, पण चढताना आणि उतरताना त्याचा वेग कमी असतो. ते सरळ रेषेतही जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घ्यावा लागतो, हैदराबादसारख्या गर्दीच्या ठिकाणी उतरायला नंबर लावावा लागतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ मोजतात ती विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून, दुसऱ्या विमानतळावर जागेवर जाऊन उभं राहिलं तिथपर्यंत. जमिनीवर रांगणंही त्यात आलं. बावन्न मिनिटांचा सव्वा तास असा होतो.

मुलीचं समाधान झालं. माझं झालं नाही. कारण हेच अंतर आमच्या घरात दोन वेळा मोजलं गेलं आहे, आणि दोन्ही वेळा उत्तर बावन्न मिनिटंही आलं नाही आणि सव्वा तासही नाही. वर्गात ते सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आमचं शहर, म्हणजे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि हैदराबाद यांचं नातं जुनं आहे. निजामाची राजधानी आधी आमच्याकडे होती, १७६३ च्या सुमारास ती हैदराबादला गेली. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं नोकरी, कोर्टकचेरी, शिक्षण, सगळ्यासाठी इथली माणसं तिकडे जात राहिली. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे झाली आणि जाणं आणखी सोपं झालं. १९४८ ला संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. नकाशावर रेघ आली. पण सोयरिकी नकाशा पाहून होत नाहीत. मराठवाड्यातल्या कितीतरी मुसलमान घरांत आजही एक खाला, एक चाची हैदराबादची असते. आमच्या घरात फुप्पी होती. अब्बांची थोरली बहीण. १९६० साली लग्न होऊन शाहअली बंड्यात गेली आणि तिथलीच झाली.

पहिला हिशेब १९८८ चा. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. दादी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी फुप्पीकडे गेली होती. ऑपरेशन नीट झालं. पण परत येण्याच्या आठवड्यात सकाळी न्याहारीच्या वेळी तिला छातीत दुखलं, आणि तासाभरात सगळं संपलं. घरात फोन नव्हता. दुपारी तीनच्या सुमारास तार आली. तारवाल्याच्या सायकलची घंटी मला अजून आठवते, कारण ती ऐकून मी आनंदाने दाराकडे पळालो होतो.

तेव्हा मीटरगेज होतं. रात्रीच्या अजंता एक्स्प्रेसशिवाय इलाज नव्हता. अब्बा संध्याकाळपासूनच स्टेशनवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते फुप्पीच्या दारात पोहोचले. मिट्टी आदल्या दिवशी अस्रनंतर झाली होती.

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्यात मय्यत ठेवत नाहीत. दफन लवकरात लवकर करावं, अशी शिकवण आहे. नातेवाइकांची वाट पाहत मय्यत रात्रभर ठेवणं बरं मानत नाहीत. जनाजाची नमाज होते, कबरीत उतरवतात, फळ्या किंवा फरशा लावतात, आणि मग हजर असलेला प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो. यालाच आम्ही 'मिट्टी देना' म्हणतो. "मिट्टी कधी आहे?" हाच मरणाच्या फोनवरचा पहिला प्रश्न असतो. मराठीत 'मूठमाती देणे' हा वाक्प्रचार आहे. आज आपण तो वाईट रूढींना मूठमाती द्या वगैरे भाषणांत वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ हाच, मुठीने दिलेली माती. हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना मला दरवेळी अब्बांचे हात दिसतात.

फुप्पीने त्यांना कब्रस्तानात नेलं. ओल्या कबरीवर त्यांनी तीन मुठी माती टाकली खरी, पण ती वरून. आईचा चेहरा दिसला नाही. परत आल्यावर ते यावर कधी बोलले नाहीत. फक्त एक वाक्य घरात राहिलं. कुणी हैदराबादचं नाव काढलं की म्हणायचे, "हैदराबाद दूर है." आम्हा भावंडांना हे गमतीचं वाटायचं, कारण मामाचं मुंबईही लांबच होतं आणि ते कधी दूर नव्हतं.

आता मध्येच एक मसअला सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत तो लागणार आहे. शरियतमध्ये मुसाफिराला सवलत आहे. जुहर, अस्र आणि इशाच्या चार फर्जांऐवजी त्याने दोनच पढायचे. फजरचे दोन आणि मगरिबचे तीन तसेच राहतात. मग मुसाफिर कुणाला म्हणायचं? हनफी फिकहमध्ये उत्तर आहे : तीन दिवसांच्या प्रवासाइतकं लांब जायला निघालेल्या माणसाला. तीन दिवस म्हणजे तीन मंजिली, पायी किंवा उंटावर, मध्यम चालीने, रात्री मुक्काम करत. आपल्याकडच्या उलेमांनी एक मंजिल सोळा मैलांची धरून तीन मंजिलींचे ४८ मैल केले, म्हणजे आजचे ७७-७८ किलोमीटर.

ही मंजिल मराठीतही आहे. 'मजल दरमजल करत' म्हणतो त्यातली मजल तीच. अरबीतली मंजिल म्हणजे उतरण्याची, मुक्कामाची जागा. मराठीत ती एका दिवसाच्या चालीचं माप झाली आणि घरावर चढून मजलाही झाली. उर्दूत ती गाठायचं ध्येय झाली. शब्द एक, प्रवास वेगळे.

माझ्या लहानपणी मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना मी विचारलं होतं, "आता तर ७८ किलोमीटर बसने दोन तासांत होतात, मग सवलत कशाला?" ते म्हणाले, "सवलत थकव्यावर नाही, अंतरावर आहे. कुणी तासात पोहोचला तरी तो घर सोडून तीन मंजिली लांब गेलाच ना?" तेव्हा ते मला जुनाट वाटलं होतं.

दुसरा हिशेब २०२५ च्या रमजानचा. बारावा रोजा. पहाटे सव्वाचार वाजता आम्ही सहरीला बसत होतो आणि फोन वाजला. फुप्पीजाद भाई होते. "अम्मी गुजर गये."

मी अब्बांकडे पाहिलं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ताटातली पोळी तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "मिट्टी कधी?"

भाई म्हणाले, जुहरनंतर ठरतंय. मी म्हटलं, अस्रपर्यंत थांबा, आम्ही येतो. तिकडे थोडी कुजबुज झाली. तिथल्या एका बुजुर्गांचं म्हणणं पडलं की उशीर करू नये. मग भाईंनीच निर्णय दिला. "अस्र. त्याच्यापुढे नाही. मामू को लेके आव."

आता हिशेब माझ्यापुढे होता. अजंता आदल्या रात्रीच निघून गेली होती. गाडीने साडेपाचशे किलोमीटर, दहा-अकरा तास. अब्बांचे गुडघे, त्यांची लघवीची तक्रार आणि रोजा. "सोडून द्या आजचा रोजा" म्हणालो तर म्हणाले, "फजरला घरी असलेल्या माणसाला ती मुभा नाही." मोबाइल उघडला. विमान होतं, सव्वा तासाचं, पण दुपारी दोन चाळीसला. सकाळचं नव्हतं. मुंबईवरून जायचं तर आणखी उशीर. ऐनवेळच्या दोन तिकिटांना अठरा हजार पडले. २०१७ मध्ये सरकारची उडान योजना आली तेव्हा तासाभराच्या, साधारण पाचशे किलोमीटरच्या उड्डाणासाठी काही जागांचं भाडं २५०० रुपयांत ठेवायचं ठरलं होतं. त्या योजनेच्या अगदी पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबादही होतं. आमच्या मार्गाला त्याचा उपयोग नव्हता. पण तक्रार कसली करणार, त्या सकाळी छत्तीस मागितले असते तरी दिले असते.

सकाळी पाच ते दुपारी बारा हे सात तास आमच्या घरात कसे गेले ते सांगता येणार नाही. प्रवासाला निघायचं आहे, घाई आहे, आणि करायला काही नाही. अब्बा सातपासून शेरवानी घालून पलंगाच्या कडेला बसले होते. १९८८ ला ते स्टेशनवर बसले होते, तसेच.

विमानतळावर जुहरची वेळ झाली. एका कोपऱ्यात रुमाल टाकला. मी विचारलं, "दोन की चार?" अब्बा म्हणाले, "चिकलठाणा महापालिकेच्या हद्दीत आहे. शहर सोडल्याशिवाय मुसाफिर होत नाही. चार." त्यांनी खुर्चीत बसून चार पढल्या. एवढ्या दुःखातही त्यांचा मसअला पक्का होता, याचं मला नवल वाटलं आणि आधारही वाटला.

अब्बांचा हा पहिला विमानप्रवास. त्यांना खिडकी दिली. विमान उठलं आणि थोड्याच वेळात खाली वाळूत रुतलेली पाण्याची वाकडी रेघ दिसली. "गोदावरी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "रेल्वेत ती फार उशिरा, बासरजवळ येते," ते म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी यासीन सुरू केली. दुसऱ्यांदा यासीन संपवली तोवर विमान खाली यायला लागलं होतं.

चारच्या आत आम्ही हैदराबादच्या जमिनीवर होतो. मी मनात म्हटलं, अल्हमदुलिल्लाह, पोहोचलो. इथेच माझं चुकलं. विमानतळावर पोहोचणं म्हणजे गावात पोहोचणं नव्हे. पूर्वी हैदराबादचा विमानतळ बेगमपेठला, शहरातच होता. २००८ पासून तो शमशाबादला आहे, शहराबाहेर. व्हीलचेअरच्या माणसाला विमानातून सगळ्यांच्या शेवटी उतरवतात. मग लांबच लांब इमारत. बाहेर टॅक्सी मिळेपर्यंत साडेचार वाजले. पुढे वीसेक किलोमीटर, आणि रमजानातली जुन्या शहराची संध्याकाळ. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना सांगायला नको. हलीमच्या भट्ट्या, फळांचे गाडे, इफ्तारीच्या सामानाला निघालेलं अख्खं शहर रस्त्यावर. सव्वापाचला भाईंचा फोन आला. "नमाज झाली. जनाजा उठाए. सीधा कब्रस्तान आव."

अब्बांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. चांद्रायणगुट्ट्याच्या पुढे गाडी अडकली तेव्हा ते हळूच म्हणाले, "हैदराबाद दूर है."

पावणेसहाला आम्ही कब्रस्तानाच्या फाटकात उतरलो. फुप्पीला कबरीत उतरवून झालं होतं. फरशा लावायला घेतल्या होत्या, पण शेवटची लावली नव्हती. भाईंनी ती हातात धरून ठेवली होती. किती वेळ ते मी विचारलं नाही. लोक बाजूला झाले. दोघांनी अब्बांना धरून कडेला नेलं. त्या फटीतून त्यांनी कफन पाहिलं. चेहरा झाकलेला होता. मग फरशी बसली आणि पहिली मूठ अब्बांना द्यायला लावली. तीन मुठी. हात थरथरत होते, पण माती कबरीतच पडली, वरून नव्हे.

त्यानंतर शेजारच्या मशिदीत आम्ही अस्र पढलो. जमात केव्हाच होऊन गेली होती. ऊन उतरत आलं होतं. अब्बा खुर्चीत बसले, मी त्यांच्या मागे. त्यांनी दोन रकातींवर सलाम फेरला. मला इमामसाहेबांचं ते जुनं वाक्य आठवलं. ज्या बहिणीच्या मांडीवर ते लहानाचे मोठे झाले तिच्या गावात, तिला आत्ताच माती देऊन, माझा बाप मुसाफिर होता. विमानाने अंतर सव्वा तासावर आणलं होतं. शरियतचं माप मात्र म्हणत होतं, तू पाच वेळा मुसाफिर होशील एवढा लांब आलास. त्या संध्याकाळी मला हेच माप खरं वाटलं.

इफ्तार फुप्पीच्या घरी. शेजाऱ्यांनी आणलेली खजूर आणि शरबत. अजान झाली, रोजा उघडला, आणि अम्मीला फोन लावला. ती म्हणाली, "तुमची झाली पण? इथे अजून वेळ आहे." हैदराबाद आमच्यापेक्षा तीन अंश पूर्वेला आहे. सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटं घेतो, म्हणून त्यांचा सूर्य बारा मिनिटं आधी मावळतो. आमच्यासमोर मगरिबची सफ उभी राहत होती आणि अम्मी तिकडे खजूर हातात घेऊन थांबली होती. सूर्याच्या हिशेबात या दोन घरांत फक्त बारा मिनिटं आहेत.

रात्री झोप येईना तेव्हा मी मास्तरच्या सवयीने हिशेब केला. १९८८ : दुपारी तीनला तार, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारात. एकोणीस तास. २०२५ : पहाटे सव्वाचारला फोन, पावणेसहाला कब्रस्तान. साडेतेरा तास. त्यातला हवेत एकच. सदतीस वर्षांत तारेचा मोबाइल झाला, मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, विमान आलं, आणि वाचले साडेपाच तास. पहाटे पाचला गाडीने निघालो असतो तर कदाचित अस्रच्या आधी पोहोचलो असतो. हे अब्बांना मी अजून सांगितलेलं नाही.

साडेपाच तास कमी नाहीत. त्यांनीच अब्बांना कबरीच्या काठापर्यंत नेलं, त्याची किंमत मी जाणतो. पण ज्यांचे आईबाप, बहिणी दूरच्या गावी आहेत त्यांना एक सांगावंसं वाटतं. "विमान आहे की, तासाभरात पोहोचू" या भरवशावर राहू नका. विमान किती वेळ उडतं हे पाहू नका, दिवसातून किती वेळा उडतं आणि किती वाजता, ते पाहा. दोन्हीकडच्या रस्त्याचा वेळ त्यात मिळवा. घरात म्हातारं माणूस असेल तर गाडीचा पर्याय नीट तपासा. आणि शक्य तर अशी वेळ येण्याआधी तिकडच्या लोकांशी बोलून ठेवा, किती थांबाल, कुणासाठी थांबाल. हे बोलणं अवघड आहे, अपशकुनासारखं वाटतं. पण आमच्या भाईंनी ती फरशी हातात धरून ठेवली नसती तर अठरा हजारांचं तिकीटही आम्हाला पोहोचवू शकलं नसतं. आणि सगळ्यात सोपी गोष्ट, जी आम्ही केली नाही : माणूस जिवंत असताना तेच तिकीट काढा. दोन महिने आधी काढलं असतं तर कितीतरी स्वस्त पडलं असतं, आणि फुप्पीने दार उघडलं असतं.

चौथ्या दिवशी मला शाळेसाठी परतावं लागलं. अब्बांचीही बॅग भरली होती. निघताना ते म्हणाले, "तू जा. मी ईद होऊन दोन दिवसांनी येतो." भाई खूश झाले. मी म्हटलं, एवढे दिवस, औषधं, पथ्य? ते म्हणाले, औषधं हैदराबादेतही मिळतात.

त्याचा अर्थ मला दोन दिवसांनी फोनवर कळला. मुसाफिर एखाद्या गावी पंधरा दिवस किंवा जास्त राहण्याची नियत करतो तेव्हा तो तिथला मुकीम होतो, रहिवासी. मग त्याला सवलत नाही. मी तब्येत विचारली, जेवण विचारलं. शेवटी ते स्वतःहून म्हणाले, "आता घरी पढतो तेव्हाही पूर्ण चार पढतो."